दगडात उरलेलं पीठ

गिरणीआत्याच्या भुवया वयानं पांढऱ्या झाल्या की पिठानं, हे आता तिलाही सांगता आलं नसतं. सकाळी ती मोटारीचा खटका दाबायची, पट्टा एकदा फटकन वाजून फिरू लागायचा, आणि मग दुपारपर्यंत समोरचा काय बोलतोय ते ती ओठांवरून ओळखायची. कापडी नळीच्या तोंडाशी हात धरून चिमूटभर पीठ अंगठ्यावर चोळायची. ऊन लागलं तर दगड फार जवळ आलेत, खरखरीत लागलं तर लांब गेलेत. त्या एका चिमटीच्या अंदाजावर तिनं अख्खी वस्ती जेवू घातली होती.

ही वस्ती म्हणजे कधीकाळची लष्कराची छावणी. युद्ध संपलं, सैनिक गेले, लांबच लांब बराकी तेवढ्या राहिल्या. मग कुठंतरी दूर कुणीतरी टेबलावर नकाशा पसरून त्यावर एक रेघ ओढली, आणि रेघेच्या नको त्या बाजूला सापडलेली माणसं ट्रकांत भरून इथं आणून सोडली. आत्या त्यांतलीच. कडेवर घ्यायला मोठी आणि चालवायला लहान, अशा वयाची होती. मैदानात एक साहेब खुर्ची टाकून बसला होता आणि बोट दाखवत होता. हा ट्रक तिकडं, तो इकडं. ज्या क्रमानं ट्रक आले त्या क्रमानं माणसं एकमेकांची शेजारी झाली. त्या बोटाचं आत्याला या वयातही नवल वाटे. साहेबाला ऐन वेळी शिंक आली असती आणि एक ट्रक मागं राहिला असता, तर तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न भलत्याच घरात झालं असतं आणि भाचरं भलत्याच नाकाची निपजली असती. माणूस जन्मभर पत्रिका पाहतो, आणि नशीब ठरतं ते कुणाच्या तरी कंटाळलेल्या बोटावर.

पुढं काही वर्षांनी नदीवर धरण झालं, वरचं खोरं पाण्याखाली गेलं आणि तिथली माणसं उरलेल्या बराकींत आली. ते धरणवाले, हे सरहद्दवाले. आणि ज्यांची गुरं छावणीच्याही आधीपासून या माळावर चरत होती ते मूळचे. त्यांना कुणी कधी काही विचारलंच नव्हतं, ना छावणी बांधताना, ना माणसं वसवताना. सरहद्दवाले गहू खात, धरणवाले मका आणि मूळचे नाचणी. तिघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं, की बाकीचे दोघे नसते तर बरं झालं असतं.

आत्याचे सासरे छावणीत गाड्या दुरुस्त करणारे मिस्त्री. सैन्यानं निकामी म्हणून टाकून दिलेलं एक इंजिन त्यांनी चालतं केलं आणि त्याला दगडाची जोडी बसवली. वस्तीतली ती पहिली गिरणी. पण एकाचं धान्य दुसऱ्याच्या मागोमाग दळलेलं कुणालाच चालेना. म्हणून वार वाटून दिले होते. गव्हाच्या दिवशी मकावाल्याच्या घरचं पीठ संपलं तर त्यानं उपाशी बसावं. आत्या नवी नवरी होऊन या घरात आली त्याच महिन्यात एका तरण्या सरहद्दवाल्याला आपल्या पिठात मक्याचे पिवळे कण दिसले. त्यानं धान्य मोजायचं लोखंडी माप उचललं आणि समोरच्या धरणवाल्या पोराच्या कपाळात घातलं. माणसं काठ्या घेऊन धावली. गिरणी बंद पडली आणि घराघरांतली पोरं उकडलेलं धान्य चावत बसली.

तेव्हा मिस्त्रींनी मूठ काढली. ज्याचं दळण असेल त्याच्याच धान्याची एक मूठ आधी दगडात टाकायची, त्याच्या देखत दळायची आणि निघालेलं पीठ बाजूच्या पत्र्याच्या डब्यात झटकून द्यायचं. मग त्याचं दळण लावायचं. "ही मूठ दगडाचं तोंड धुते," मिस्त्रींनी सगळ्यांना बोलावून सांगितलं. "मागचं जे काही असेल ते घेऊन जाते. आता वार नकोत, रांग लावा."

लोकांनी पारखून पाहिलं आणि मान्य केलं. खरं तर सगळेच भांडणाला कंटाळले होते, मिस्त्रींनी फक्त खाली उतरायला शिडी दिली. त्या दिवसापासून एक रांग झाली. रांगेत उभं राहायचं तर बोलावं लागतं, बोललं की भांडावं लागतं आणि रोज भांडणारा माणूस एक दिवस आला नाही की चुकल्यासारखं होतं. रांगेतच उसनवारी सुरू झाली, मुली पसंत झाल्या, बाळंतपणाचे सल्ले मिळाले. डब्यातल्या मिसळलेल्या पिठाला मात्र मालक नव्हता. ते कोंबड्यांना जाई, नाहीतर निवडणुकीत एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या पक्षांची पोरं ते नेऊन खळ शिजवत आणि एकमेकांना शिव्या देणारे कागद त्याच खळीनं एकाच भिंतीवर डकवत.

मिस्त्री गेले, पाठोपाठ आत्याचा नवरा गेला. मुलगा परमुलखात ट्रक चालवायचा. गिरणी आत्या आणि तिची सून बघत होत्या. आणि ज्यानं माप हाणलं होतं व ज्याच्या कपाळावर त्याची खूण होती, ते दोघे आता म्हातारे होऊन रोज गिरणीच्या ओट्यावर शेजारी शेजारी बसत. मिशांमुळे पहिल्याला सगळे फौजदार म्हणत. दुसरा धरण कसं चुकीच्या जागी बांधलंय ते येईल त्याला समजावून सांगे, म्हणून तो इंजिनिअर.

या इंजिनिअरची नात आजारी होती. पोर चार वर्षांची, पण दोन वर्षांच्या अंगाची. हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं पुढं आलेलं. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, हिला गहू सोसत नाही. गहू आणि त्याच्या जातीचं काहीही, कणभरसुद्धा पोटात जायला नको.

"बघा," इंजिनिअर ओट्यावर बसून म्हणाला. "आम्ही पहिल्यापासून म्हणत आलो की हे गव्हाचं काही खरं नाही."

"तुमच्या घरात गहू येतोच कुठं?" फौजदार म्हणाला. "पोर तुमच्या भाषणांनी आजारी पडली असेल."

थट्टा झाली, पण पोर सुधारेना. घरात गव्हाचा दाणा नव्हता, शेजारणीनं दिलेली बिस्किटंसुद्धा आईनं बंद केली होती. नुसता मका खाऊनही पोर आठवड्यातून चार दिवस पांघरुणात पडून असे. आताशा इंजिनिअर धरणाबद्दल बोलेनासा झाला होता.

एका सकाळी दवाखान्यातली सिस्टर डबा घेऊन रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर तिनं आत्याला मोटार बंद करायला सांगितली.

"आत्या, इंजिनिअर आजोबांच्या घरचा मका इथंच दळला जातो ना?"

"मग काय चंद्रावर जातो?"

"गव्हाच्या मागोमाग?"

आत्याच्या कपाळावर आठी पडली. "आमच्याकडं मूठ सोडतात. तू काल आलीस वस्तीत. पन्नास वर्षांची रीत आहे ही, कुणाच्या पिठात कुणाचं जात नाही."

"मला रीत माहीत नाही," सिस्टर म्हणाली. "एका मुठीत दगड स्वच्छ होतो की नाही, तेवढंच विचारतेय. तुम्हीच सांगा. तुम्ही हो म्हणालात तर मी आजाराचं कारण दुसरीकडं शोधते."

आत्या लगेच हो म्हणणार होती, पण तिचं लक्ष दगडाकडं गेलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता, तिनंही स्वतःला विचारला नव्हता.

"दुपारी सांगते," ती म्हणाली.

दुपारी गिरणी बंद असे. आत्यानं दार लोटून घेतलं आणि सुनेला धुतलेली पांढरी चादर आणायला सांगितली. सकाळच्या शेवटच्या दळणाला मूळच्यांची नाचणी होती, गर्द तपकिरी. तिच्यानंतर आत्यानं घरातला पांढरा मका घेतला, एक मूठ दगडात सोडली आणि निघालेलं पीठ नेहमीसारखं डब्यात झटकलं. मग उरलेला मका लावला आणि पीठ चादरीवर पसरलं. सून गुडघ्यांवर बसून वाकली.

"आई, ठिपके आहेत."

"असायचेच एखाद-दुसरा."

"एखाद-दुसरा नाही. या, बघा तरी."

आत्यानं चष्मा पुसला. पांढऱ्या पिठात तपकिरी ठिपके होते, चांदण्या पडाव्यात तसे. तिनं पुन्हा मका लावला. ठिपके विरळ झाले, पण गेले नाहीत. घरातला मका संपला तशी सून शेजारून मागून घेऊन आली. उन्हं कलली, तरी प्रत्येक खेपेला शोधलं की एखादा तपकिरी कण सापडेच.

"आता दगड उचलू," आत्या म्हणाली.

साखळी लावून दोघींनी वरचा दगड वर घेतला. गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायला आत्या तो नेहमीच उचलत असे, पण तेव्हा तिचं लक्ष असे ते दगडाच्या चेहऱ्यावर, त्याच्या खाचांवर. आज ती पहिल्यांदा कडेच्या लाकडी कोठीत वाकली, जिथं ब्रश पोचत नाही. तिथं पीठ बसून बसून दगडासारखं टणक झालं होतं. सुनेनं छिन्नीनं एक ढेकूळ फोडून काढलं आणि दारातल्या उजेडात धरलं.

त्यात पट्टे होते. पांढरा, पिवळा, तपकिरी, पुन्हा पिवळा, कुठं केसाएवढे तर कुठं बोटाएवढे जाड. एक पट्टा लालसर होता. तो पाहताच आत्याला दुष्काळाचं साल आठवलं, तेव्हा सरकारनं बोटीतून आणलेलं लाल धान्य तिन्ही घरांत सारखंच शिजलं होतं आणि सारखंच कडू लागलं होतं. एक पट्टा निव्वळ पिवळा होता, एका साली बाकीच्या दोघांनी गिरणीवर बहिष्कार टाकला होता तेव्हाचा. आणि या सगळ्यातून रोज थोडं थोडं सुटून पुढच्याच्या पिठात जात होतं. तिच्या लग्नापासून. फौजदाराची पाचही पोरं इंजिनिअरच्या मक्यावर थोडीथोडी पोसली होती, आणि इंजिनिअरची मूळच्यांच्या नाचणीवर. ज्यांनी दुसऱ्याच्या हातचं पाणी कधी पिणार नाही अशी आण घेतली होती आणि ती मरेपर्यंत पाळली होती, त्यांनी रोज दोन वेळा त्याच्या शेतातलं खाल्लं होतं.

आत्यानं हात पुढं केले. ते ढेकूळ तिनं दोन्ही हातांत धरलं होतं, तान्ह्याचं डोकं धरावं तसं.

"तुमच्या मामंजींना ठाऊक असेल का हो हे?" सुनेनं हळूच विचारलं.

आत्यानं बोटानं एक पट्टा चाचपला. मिस्त्रींचा चेहरा तिला आठवत होता. माणूस यंत्रातलं तर केसाएवढं अंतर ओळखायचा. "ठाऊक नसेल असं म्हणवत नाही," ती म्हणाली.

आता प्रश्न होता तो सांगायचा की नाही. न सांगावं तर पोर मरणार. सांगावं तर ज्या मुठीवर वस्ती पन्नास वर्षं शांत होती ती मूठच उघडी पडणार. त्यातून आत्या जन्मानं सरहद्दवाली. गव्हाच्या बाईनं आमच्या पोरीला गहू चारला, असं कुणी एकानं म्हणायचा अवकाश. इंजिनिअरच्या घरी जाऊन गुपचूप सांगावं असं सूनबाईचं म्हणणं पडलं. आत्यानं मान हलवली. "एका घरात सांगितलेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या घरांत जातं, आणि जाताना वाढत जातं. त्यापेक्षा रांगेत सांगू. जे व्हायचं ते आपल्या डोळ्यांपुढं होईल."

दुसऱ्या दिवशी रांग भरल्यावर तिनं मोटार लावलीच नाही. ओट्यावर उभी राहून जे पाहिलं ते सरळ सांगितलं आणि ढेकूळ पहिल्या माणसाच्या हातात दिलं. ते हातोहात मागं गेलं. कुणी वास घेतला, कुणी नखानं खरवडलं.

"म्हणजे," फौजदार म्हणाला, "मी लग्नापासून याचा मका खातोय?"

"रोज," आत्या म्हणाली.

"तरीच पोटात गुबारा धरतो."

"तो तुझ्या स्वभावानं धरतो," इंजिनिअर म्हणाला, पण सवयीनं. ढेकूळ त्याच्या हातात आलं होतं आणि तो गव्हाच्या पांढऱ्या पट्ट्यावर बोट फिरवत होता. "आत्या, माझ्या नातीच्या पोटात हे जात होतं?"

"हो, दादा."

"आणि आम्ही तिला म्हणायचो, नखरे करू नकोस, खा."

मग मागून एक बाई म्हणाली की हे सगळं मुद्दाम चाललं असणार, आणि दुसरीनं तिला विचारलं की मुद्दाम केलं तर आत्यानं स्वतःच्या पोराला मका कशाला चारला असता. आवाज चढले. दोन-तीन घरं डबे उचलून निघून गेली, ती पुढं शहरातून तयार पिठाच्या पिशव्या आणू लागली. पण काठी कुणी काढली नाही. एवढ्या उशिरा काढून करायचं काय? खाल्लेलं तर रक्तात मिसळून गेलं होतं.

वस्तीतला मेंबर मात्र दुपारीच हजर झाला. इस्त्रीचे कपडे, हातात फोन. त्याला फार वाईट वाटलं होतं. धरणवाल्या बांधवांसाठी तो स्वतंत्र गिरणी बसवून देणार होता, नवीकोरी, वर फलक. मग सरहद्दवाल्यांसाठीही बघता येईल, आणि मूळच्यांसाठी. प्रत्येकाला आपापली.

"त्या गिरणीत माझ्या नातीचं दळण होईल ते ठीक," इंजिनिअर म्हणाला. "पण माझं?"

"तुमचंही तिथंच, आजोबा."

"नको. पन्नास वर्षं यांचा गहू पचवलाय मी, आता नुसता मका मला मानवायचा नाही." तो उठला. "आणि धरणही तुम्ही लोकांनी असंच बांधलं होतं. एकदम आणि फलक लावून."

मेंबरनं फोन खिशात घातला.

तोडगा शेवटी आत्यानंच काढला. पोरीच्या एकटीच्या पोटापुरतं दळायला गिरणी कशाला हवी? तिनं खाणीवरून नवं जातं घडवून आणलं, ज्याला कधी कसलंच धान्य लागलं नव्हतं. नव्या दगडाची कच निघून जावी म्हणून मक्याचाच कोंडा पुन्हा पुन्हा दळून टाकला. गिरणीपलीकडं तिच्या घराची मागची खोली होती, तिथं पीठ उडून येत नसे. ती सुनेनं धुतली, खिडकीला ओलं फडकं लावलं, आणि आत जायचं तर न्हाऊन, वेगळ्या कपड्यांत, असा नियम केला.

पण हातानं दळणं म्हणजे दमाचं काम. आत्याचे खांदे केव्हाच गेले होते, पोरीची आई कारखान्यात पाळीवर जायची. पहिल्या दिवशी आत्या खुंटा धरून बसली आणि दहा फेऱ्यांत धापा टाकू लागली. तेवढ्यात फौजदाराची बायको दारात येऊन उभी राहिली, ओल्या केसांनी, आत्याच्या सुनेची साडी नेसून.

"सरका," ती म्हणाली. "आमची आई दळायची. मला येतं का ते बघते."

तिला आलं. दुसऱ्या दिवशी मूळच्यांची एक म्हातारी आली, तिसऱ्या दिवशी सूनबाईच्या मैत्रिणी. कुणी बोलावलं नव्हतं. कोण कधी येणार हे कसं ठरे ते आत्याला कळत नसे, पण खुंटा रिकामा राहिला नाही. ती दाराबाहेर बसून नुसती ऐकायची. आत दोघी समोरासमोर बसलेल्या, आणि एकीचं गुणगुणणं दुसरीला समजत नसलं तरी जातं एका लयीत फिरत असे. आयुष्यभर तिनं एवढी धान्यं दळली होती, पण तिच्या गिरणीतून असा आवाज कधी निघाला नव्हता.

दोन महिन्यांनी सिस्टर सांगत आली की पोरीचं वजन वाढलंय आणि काल तिनं दवाखान्यात डॉक्टरांचा हात चावला. इंजिनिअरनं ही बातमी दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितली, जणू पोरीला पदक मिळालं होतं. धरणाचा विषयही त्यानं पुन्हा काढला.

आणि फौजदार? बायकोबरोबर तोही दर पाळीला यायचा, मक्याची पिशवी घेऊन. तो मागच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही. अंगणात लांब उभा राहायचा, चपला काढायचा आणि आपल्या बाह्या, धोतर, मिशासुद्धा झटकून झटकून गव्हाचं पीठ उडवायचा. मग हात धुऊन, लांबूनच, खिडकीतून पिशवी आत द्यायचा.

"आता आत आलात तरी चालेल हो," एकदा सून म्हणाली.

"नको," फौजदार म्हणाला. "कुठंतरी राहिलेलं असतं." आणि त्यानं पुन्हा एकदा बाह्या झटकल्या.